नळाआधी मजले

एप्रिल २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिकेला नव्या इमारतींना परवानगी देण्यास मनाई केली. जमिनीचा तंटा नव्हता आणि बिल्डरांनी पैसे बुडवल्याची तक्रारही नव्हती. महापालिकेला शहराचा घनकचरा नियमाप्रमाणे हाताळता येत नव्हता, एवढेच त्या मनाईमागचे कारण. सुमारे वर्षभराने बंदी उठली आणि अडलेल्या फायली पुन्हा हलू लागल्या. ज्या आधारवाडी डम्पिंग ग्राउंडच्या धुराने अर्धे कल्याण खोकत होते, ते मात्र २०२१ साली बंद झाले. म्हणजे परवानग्या एका वर्षात सुटल्या आणि कचऱ्याचा प्रश्न मार्गी लागायला आणखी पाच वर्षे गेली. ठाणे जिल्ह्यातल्या घरबांधणीचा गेल्या दहा वर्षांतला सगळा स्वभाव या दोन तारखांमधल्या अंतरात दिसतो. ती बंदी उठल्यानंतर बांधकाम व्यवसाय आडवा झाला, पुन्हा उठला आणि आज जोरात आहे. हे पुनरुज्जीवन खोटे नाही, फुगाही नाही. पण ते इमारतीच्या फाटकापाशी येऊन थांबते. फाटकाच्या आतल्या वचनांना कायद्याचा जाब आहे. फाटकाबाहेरच्या पाण्याला, गटाराला आणि लोकलला तसा कोणाचाच जाब नाही. बिल्डरला लावलेली शिस्त परवानगी देणाऱ्या यंत्रणेलाही लागली पाहिजे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी जिल्ह्याचे माप पाहू. २००१ साली अविभाजित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांच्या घरात होती. २०११ मध्ये ती १ कोटी १० लाख ६० हजारांवर गेली आणि ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईची, वस्ती ३३ लाखांवरून ३१ लाखांखाली आली. गिरणगावातून, दादर-परळच्या चाळींमधून निघालेला मराठी मध्यमवर्ग आणि उत्तरेकडून व घाटावरून आलेला कामगार असे दोघेही याच पट्ट्यात उतरले. बदलापूरची लोकसंख्या त्या दशकात सुमारे ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर गेली, म्हणजे जवळपास ७८ टक्क्यांची वाढ. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला आणि ठाण्याकडे सात तालुके उरले. एका टोकाला मीरा-भाईंदर आणि नवी मुंबई, दुसऱ्या टोकाला मुरबाड आणि शहापूर. सहा महापालिका आणि शेजारीच आदिवासी पाडे, असा हा जिल्हा आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे पाण्याच्या योजनेपासून शाळेच्या आरक्षणापर्यंत बहुतेक नियोजन २०११ च्या आकड्यांवर अंदाजाची ठिगळे लावून चालले आहे. माणसे किती हे नक्की ठाऊक नसताना मजले किती याचा हिशेब मात्र चौरस मीटरपर्यंत चोख, हा प्रकार एखाद्या शासकीय विनोदात खपून गेला असता.

मंदी एका कारणाने आली नव्हती. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली आणि जमिनीच्या व्यवहारातला रोख पैसा एका रात्रीत गोठला. मे २०१७ मध्ये रेरा हा स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा लागू झाला, जुलैत जीएसटी आला. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस बुडीत निघाली आणि बिगरबँक वित्तसंस्थांनी बिल्डरांना पैसे देणे आखडते घेतले. पुढच्या वर्षी एचडीआयएल ही बांधकाम कंपनी आणि पीएमसी बँक यांचे प्रकरण बाहेर आले तेव्हा ठेवीदार आणि घरखरेदीदार एकाच वेळी रस्त्यावर आले. त्यावर मार्च २०२० चा टाळेबंदीचा घाव बसला. इमारती बांधणारे हात भिवंडी-कल्याणहून कसारा घाटाच्या दिशेने पायी निघाले आणि अर्धवट स्लॅबवरच्या सळया गंजत राहिल्या. त्या दिवसांत हा धंदा पाच-सात वर्षे तरी उठत नाही, असे जाणती माणसेही म्हणत होती.

तो उठला, आणि बराचसा सरकारने उठवला म्हणून उठला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांसाठी मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांची सूट मिळाली. दुय्यम निबंधक कार्यालयांपुढे रांगा लागल्या. रिझर्व्ह बँकेने मे २०२० पासून मे २०२२ पर्यंत रेपो दर चार टक्क्यांवर ठेवला, त्यामुळे गृहकर्ज सात टक्क्यांच्या आसपास आणि काही बँकांत त्याच्याही खाली मिळू लागले. घरातूनच ऑफिस चालवायचे तर आणखी एक खोली हवी, हे अनेक कुटुंबांना त्याच काळात पटले. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई शहर वगळता बहुतांश महाराष्ट्रासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली. प्रत्येक शहराची वेगळी पोथी जाऊन एकच नियम आला आणि अधिमूल्य भरून जादा चटई क्षेत्र मिळवण्याची वाट रुंद झाली. जानेवारी २०२१ मध्ये, दीपक पारेख समितीच्या शिफारशींनंतर, हे अधिमूल्य वर्षअखेरपर्यंत निम्म्यावर आणले गेले. अट एवढीच की सवलत घेणाऱ्या बिल्डरने गिऱ्हाइकाचे मुद्रांक शुल्क स्वतः भरावे. घोडबंदर रस्ता, शिळफाटा, कल्याणचा पश्चिम भाग, अंबरनाथ-बदलापूरचा पट्टा या सगळीकडे क्रेन पुन्हा फिरू लागल्या त्या याच सुमारास.

रेराचे श्रेय इथे मोकळ्या मनाने द्यायला हवे. धंद्याला मारणारा कायदा म्हणून ज्याची संभावना झाली, त्यानेच पुढे धंद्याला पत मिळवून दिली. गिऱ्हाइकाकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. इंजिनीअर, आर्किटेक्ट आणि सनदी लेखापाल यांनी काम किती झाले याचे दाखले दिल्याशिवाय ती काढता येत नाही. नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. विक्री कार्पेट एरियावरच करावी लागते आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षे बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर राहते. त्याआधीच्या मोफा या सदनिकांच्या कायद्यात, १९६३ पासून, यातले थोडेफार कागदावर होते, पण विचारायला जाणार कुठे? रेराखालच्या महारेरा या राज्य प्राधिकरणाने ती जागा दिली. डोंबिवलीचा प्रकल्प गुंडाळून तोच पैसा पनवेलच्या जमिनीत घालण्याची जुनी चाल बरीच अवघड झाली. बुकिंग करणाऱ्याला आता इमारत होईल की नाही या धास्तीत झोप उडवून घ्यावी लागत नाही. म्हणूनच तो पुन्हा बाजारात आला.

पण या कायद्याची नजर प्रकल्पाच्या हद्दीपर्यंतच जाते. आतले रस्ते, आतली पाण्याची टाकी, आतले सांडपाणी केंद्र यांची माहिती बिल्डरला द्यावी लागते. टाकीत पाणी कुठून येणार, हा प्रश्न महापालिकेचा. इथे एक साधा गुणाकार करून पाहावा. हजार सदनिकांचा प्रकल्प या पट्ट्यात आता मोठा समजला जात नाही. घरात चार माणसे आणि माणशी रोजचे १३५ लिटर, हे सरकारी मापदंडाचे पाणी धरले तर रोज ५ लाख ४० हजार लिटर लागतात. नळाला पाणी नसेल तर दहा हजार लिटरचे ५४ टँकर. रात्र-दिवस सलग धरले तरी दर सत्तावीस मिनिटांनी एक टँकर त्या फाटकातून आत यायला हवा. प्रत्यक्षात निम्मे पाणी नळाचे आणि निम्मे टँकरचे अशी तडजोड होते. टँकरचे बिल सोसायटीच्या मासिक देखभाल खर्चात शिरते आणि घर स्वस्त मिळाले या समाधानावर दर महिन्याला थोडे थोडे पाणी पडत राहते.

हे भाकीत नाही, न्यायालयाच्या दप्तरी नोंदलेली स्थिती आहे. मे २०१७ मध्ये घोडबंदर रस्त्यावरच्या पाणीटंचाईच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने तिथल्या नव्या बांधकामांवर बंधने घातली. ती काही काळाने उठली. दोन वर्षांत, एकाच जिल्ह्यातल्या दोन महापालिकांमध्ये, एकदा कचऱ्यापायी आणि एकदा पाण्यापायी न्यायालयाला घरबांधणीचा हात धरावा लागला. हे काम न्यायालयाचे नाही. नियोजन विभागाने परवानगीच्या टेबलावर जो प्रश्न विचारायचा, तो कोणा नागरिकाने वकील लावून विचारला, इतकाच याचा अर्थ.

आणि पाणी आणायचे कुठून? ठाण्याच्या महापालिकांनी शहापूर-मुरबाडकडे बोट दाखवायची परंपरा जुनी आहे. भातसा आणि तानसा ही शहापूर तालुक्यातली धरणे मुंबईची तहान भागवतात. त्याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत गावे आणि पाडे टँकरची वाट बघतात. एमआयडीसीच्या बारवी धरणाची उंची वाढवण्याचे काम पुनर्वसनापायी वर्षानुवर्षे अडकले होते आणि २०१९ मध्ये कुठे ते वाढीव उंचीने भरले. मुरबाडमधल्या काळू धरणाचे काम वनपरवानगीविना सुरू झाल्याने न्यायालयाच्या आदेशाने थांबले. कोणत्याही नव्या धरणाला जंगल लागते, गावे लागतात आणि त्या गावांतल्या लोकांची संमती लागते. ती मिळायला वीस वर्षे लागत असतील तर त्यात गावकऱ्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. पण मग वीस वर्षांनी येणाऱ्या पाण्याच्या भरवशावर तीन वर्षांत पुऱ्या होणाऱ्या इमारतीला आज परवानगी देणे हा निव्वळ जुगार आहे. खेळणारा एक आणि हरणारा दुसराच.

रेल्वेचेही तेच. ठाणे ते दिवा ही पाचवी-सहावी मार्गिका २००८ साली मंजूर झाली. अंतर अवघे नऊ-दहा किलोमीटर. ती सुरू झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये. मधल्या चौदा वर्षांत दिव्यापलीकडे किती टॉवर उभे राहिले हे मोजायला आकडेवारी नको, सकाळची बदलापूर लोकल पुरे. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडून दगावले, तेव्हा गर्दीची चर्चा आठवडाभर झाली. त्या पट्ट्यातल्या नव्या बांधकाम परवानग्यांची चर्चा त्या आठवड्यातही झाली नाही.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप असा: पाणी येईपर्यंत परवानग्या रोखल्या तर घरे कमी होतील, भाव चढतील आणि गरजू माणूस बेकायदा इमारतीत जाईल. हा आक्षेप हवेतला नाही. एप्रिल २०१३ मध्ये शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली, ती तिथे हौसेने राहायला आलेली नव्हती. कल्याण-डोंबिवलीत खोट्या परवानग्या तयार करून, त्यांच्या जोरावर रेरा नोंदणीही मिळवून, ६५ इमारती उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला तेव्हा कर्ज काढून घर घेतलेल्या कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली. पण जरा नीट पाहिले तर हीच उदाहरणे दुसऱ्या बाजूची साक्ष देतात. बेकायदा इमारती परवानग्या अवघड होत्या म्हणून फोफावल्या, असे म्हणावे तर परवानग्या सैल झाल्यावर त्या थांबायला हव्या होत्या. तसे झाले नाही. त्या वाढल्या त्या प्रशासकीय गोंधळाच्या जागी. कल्याण-डोंबिवलीची २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये परत आली. २०२० मध्ये त्यातली १८ पुन्हा वेगळी करायचे ठरले आणि न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. चार दशके ज्या गावांना आपली पालिका कोणती हे ठरवता आले नाही, तिथे पाण्याची वाहिनी कोण टाकणार आणि बेकायदा मजला कोण पाडणार? या गावांत बेकायदेशीरपणा टंचाईवर कमी आणि बेवारसपणावर जास्त पोसला गेला.

भाव चढतील हे खरे आहे, पण आज ते कमी आहेत हे खरे नाही. टँकरचे बिल, जनरेटरचे बिल, रिक्षाचे दोन टप्पे आणि दिवसातले तीन तास हे सगळे घराच्या किमतीतच धरायला हवे. बिल्डरच्या दरपत्रकात ते दिसत नाहीत, एवढाच फरक. बदलापूरला नोकरीवाल्याने स्वस्तात घेतलेल्या वन बीएचकेची खरी किंमत त्याच्या बायकोला विचारावी. सकाळी सहाला पाणी भरण्यापासून तिचा दिवस सुरू होतो.

दुसरा आक्षेप इतिहासाचा असतो. वस्ती आधी होते, सोयी मागून येतात, सगळी शहरे अशीच वाढली, असे बिल्डर म्हणतात आणि पुष्कळ अधिकारीही म्हणतात. याच जिल्ह्यात याला खोडून काढणारे उदाहरण आहे. १९७० मध्ये सिडको हे शासकीय नगरविकास महामंडळ स्थापन झाले आणि नवी मुंबईची आखणी रस्ता, नाला, शाळा, बाजार यांच्यासकट झाली. पुढे नवी मुंबई महापालिकेने २००२ मध्ये मोरबे धरण विकत घेतले. मुंबईखेरीज स्वतःचे धरण असणारी महापालिका राज्यात शोधून काढावी लागेल. नवी मुंबईचे सगळे गोड आहे असे नाही. गावठाणे, प्रकल्पग्रस्तांचे दावे, सिडकोचे वाढते भूखंड दर असे तिचे स्वतःचे दुखणे आहे, आणि मोरबेच्या बुडीत क्षेत्रातल्या लोकांचे दुःख वेगळेच. पण पाण्याची सोय आधी केली म्हणून तिथे घरे बांधली गेली नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. खाडीपलीकडच्या ठाण्यापेक्षा तिथे टँकर कमी दिसतात, याला नशीब म्हणून चालणार नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो महापालिकांच्या बाजूने समजून घेण्यासारखा आहे. जकात गेली. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला. मग जीएसटी आला आणि महापालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसल्या. मालमत्ता कर वाढवायची राजकीय हिंमत कोणात नाही. उरले काय? बांधकाम परवानगीचे शुल्क, विकास शुल्क आणि अधिमूल्य. म्हणजे पाणी नाही म्हणून ज्या फायलीला थांबवायचे, तीच फाईल पालिकेची मिळकत. परवानगी देणारा हात असा गरजवंत झाला की नकार देणे त्याला परवडत नाही. यात २०२१ ची अधिमूल्य सवलत धरा. सरकारने बिल्डरला उभे केले ते ज्या पैशांतून जलवाहिन्या टाकायच्या त्यातलाच काही भाग सोडून. अडकलेले प्रकल्प सुरू झाले, रोजगार आला, हे मान्य. पण त्या सवलतीने वाढलेल्या मजल्यांना पाणी द्यायचे ओझे मात्र कमी झालेल्या पैशांत उचलायचे होते. आणि नेमक्या याच काळात विचारायला सभागृहच नव्हते. कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. पुढे कित्येक वर्षे प्रशासकांनी कारभार हाकला. नगरसेवक असते तर फार उजेड पडला असता, असा भ्रम बाळगायचे कारण नाही. पण महासभेत पाण्यावरून हंडे तरी वाजले असते.

उपाय नवा शोधायचा नाही, आहे त्या नियमांतच तो दडलेला आहे. एकत्रिकृत नियमावलीत भूखंडावर किती चटई क्षेत्र द्यायचे हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. अरुंद रस्त्यावर कमी, रुंद रस्त्यावर जास्त. म्हणजे बाहेरची सोय मोजूनच आतला मजला द्यावा हे तत्त्व शासनाने स्वीकारलेले आहे. रस्ता टेपने मोजता येतो म्हणून मोजला जातो, जलवाहिनीचा व्यास आणि दाबही तसेच मोजता येतात. याहून पुढचे उदाहरण एकात्मिक नगर वसाहतींच्या नियमांत आहे. १०० एकरांवरच्या अशा वसाहतीला परवानगी हवी असेल तर विकासकाने भूजल सोडून दुसऱ्या स्रोतातून माणशी रोज किमान १४० लिटर पाणी उभे करावे, किंवा पाणीपुरवठा यंत्रणेकडून तशी पक्की हमी आणावी, अशी अट त्यात घातलेली आहे. शंभर एकर एका मालकाचे असतील तर पाण्याची हमी लागते. तेच शंभर एकर वीस बिल्डरांनी पाच-पाच एकरांत वाटून घेतले तर लागत नाही. तहान मात्र दोन्हीकडे सारखीच.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची. एक, ठरावीक संख्येपेक्षा जास्त घरांच्या प्रत्येक प्रकल्पाला बांधकाम सुरू करण्याच्या दाखल्याबरोबर पाण्याचा तारखेसह आणि लिटरसह दाखला बंधनकारक करावा आणि तो महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर लावावा. टँकरने पाणी देऊ, या बिल्डरच्या हमीपत्राला तिथे जागा नको. ते हमीपत्र ताब्यानंतर सोसायटीच्या गळ्यात पडते. दोन, बिल्डरला जसे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, तसे अधिमूल्य आणि विकास शुल्क महापालिकेने त्या त्या भागाच्या पाणी, मलनिस्सारण आणि रस्त्यांसाठी वेगळ्या खात्यात ठेवावे, आणि त्यातून पगार व कंत्राटदारांची थकबाकी भागवण्यास मनाई असावी. याने परवानग्यांचा वेग काही काळ मंदावेल. तो ज्या भागात पाणी नाही तिथेच मंदावेल. जिथे आहे तिथे बांधकाम सरकेल, आणि बाजार कुठे सरकतो हे कळले की पालिकांनाही जलवाहिनी टाकण्यात स्वतःचा फायदा दिसू लागेल.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर दिवाळीच्या मुहूर्तावर बुकिंग करायला जाणाऱ्यांनी नमुना सदनिकेतल्या सोफ्यावर बसण्याआधी दोन कागद मागावेत. रेरा क्रमांक सगळेच तपासतात, तो तपासावाच. दुसरा कागद महापालिकेच्या पाणी खात्याचा. त्यावर या प्रकल्पाला रोज किती लिटर पाणी आणि कोणत्या महिन्यापासून मंजूर आहे हे लिहिलेले असावे. तो दाखवला नाही, किंवा त्याऐवजी हमीपत्र पुढे केले, तर बुकिंगचा चेक खिशातच ठेवावा.